भौतिक, रासायनिक आणि घरगुती

सृष्टीतील यच्चयावत घडामोडी दोनच रकान्यांत बसवून दाखवण्याची हिंमत आजवर दोघांनीच केली आहे. एक सरकारी हिशेबखाते, ज्याला प्रत्येक दिडकी जमेच्या किंवा खर्चाच्या बाजूला गेल्याखेरीज स्वस्थ झोप लागत नाही. आणि दुसरे शाळेतले विज्ञानाचे पुस्तक, जे बर्फाच्या वितळण्यापासून लाकडाच्या जळण्यापर्यंत प्रत्येक स्थित्यंतरावर ‘भौतिक’ अथवा ‘रासायनिक’ असा शिक्का मारून, दप्तर बांधून, पुढच्या प्रकरणाकडे निर्विकारपणे वळते. कागद फाडला तर भौतिक, तोच कागद जाळला तर रासायनिक. मेण वितळले तर भौतिक, मेणबत्ती जळाली तर रासायनिक. लोखंड भट्टीत तापून लाल झाले तर भौतिक, आणि तेच लोखंड पागोळ्यांखाली भिजून तांबडे झाले तर रासायनिक. ही नामावळी मुखोद्गत केलेला विद्यार्थी परीक्षेच्या दालनात निर्भयपणे प्रवेश करतो, पाचपैकी पाच गुण पदरात पाडून घेतो आणि त्यानंतरच्या आयुष्यात तिच्याकडे पुन्हा ढुंकूनही पाहत नाही.

या वर्गीकरणाच्या पाठीशी जी व्याख्या परीक्षेच्या आदल्या रात्री घोकली जाते, ती वरकरणी निर्दोष आहे. भौतिक बदल तात्पुरता असतो, त्यात नवा पदार्थ निर्माण होत नाही आणि मूळ पदार्थ परत मिळवता येतो. रासायनिक बदल कायमचा असतो, त्यात नवा पदार्थ निर्माण होतो आणि मूळ पदार्थ परत मिळत नाही. कचेरीत हंगामी आणि कायम असे नोकरांचे दोन वर्ग असतात, तसेच हे दोन वर्ग. आणि ज्याप्रमाणे कचेरीत हंगामी म्हणून चिकटलेला उमेदवार केस पिकेपर्यंत त्याच खुर्चीवर बसून राहतो, व कायम म्हणून वाजतगाजत नेमलेला इसम पावसाळा संपण्यापूर्वीच राजीनामा देऊन चालता होतो, त्याचप्रमाणे सृष्टीच्या आस्थापनेतही हुकूम एक आणि अंमल दुसरा, असा प्रकार सर्रास आढळतो.

माझी तक्रार एवढीच आहे, की या व्याख्येने दोन स्वतंत्र दाव्यांची सुनावणी एकाच अर्जावर उरकून टाकली आहे. नवा पदार्थ निर्माण झाला काय, हा एक दावा. आणि गेलेली वस्तू परत मिळेल काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात शास्त्राला रस आहे, दुसऱ्यात गृहस्थाला. आणि पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचेही मिळाले, असे मानण्यास सृष्टीने कोठेही लेखी संमती दिलेली नाही.

प्रथम असा बदल घ्या, ज्यात नवे काहीच झालेले नाही आणि तरीही जुने परत मिळण्याची तिळमात्र आशा नाही. लोणच्याची चिनी मातीची बरणी फडताळाच्या वरच्या फळीवरून निसटते आणि शहाबादी फरशीवर येते. या अल्पशा प्रवासात तिच्या द्रव्याला यत्किंचितही धक्का पोहोचत नाही. फुटण्यापूर्वी ज्या भाजलेल्या मातीची ती होती, त्याच मातीची ती फुटल्यावरही असते, आणि सर्व ठिकऱ्या काळजीपूर्वक गोळा करून तराजूत घातल्या, तर वजन गुंजभरही कमी भरायचे नाही. आमच्या शेजारी शास्त्राचे एक मास्तर राहतात. बरणी त्यांच्याच हातून सुटली होती, त्यामुळे हा सिद्धांत त्यांना त्या क्षणी विशेष स्पष्टपणे स्फुरला. ‘‘अगं, यात झालंय काय? निव्वळ भौतिक बदल. द्रव्य तेच आहे, आकार तेवढा पालटला,’’ असे त्यांनी शांत स्वरात निवेदन केले. त्यावर आतून वहिनींचा आवाज आला, ‘‘हो ना? मग भरा त्याच द्रव्यात लोणचं.’’ एखाद्या व्याख्येचे इतक्या थोड्या शब्दांत झालेले खंडन शास्त्राच्या ग्रंथांतही विरळाच सापडेल.

बरणीची गत तीच गव्हाची. गिरणीच्या दगडाखाली गेलेला गहू द्रव्याने गहूच राहतो. परंतु पीठ झालेल्या गव्हाचे पुन्हा गहू करून देणारी गिरणी अद्याप कोणी काढलेली नाही, आणि पुढच्या गिऱ्हाइकाची ज्वारी आपल्या डब्यात पडली म्हणजे तर ‘मूळ पदार्थ परत मिळवता येतो’ हे वाक्य गिरणीवाल्यासमोर उच्चारण्यातही अर्थ नसतो. फाटक्या नोटेच्या बाबतीत तर रिझर्व्ह बँकेने नियमच करून ठेवले आहेत: नोटेचा किती भाग शिल्लक उरला आहे यावर तिचे पूर्ण मोल मिळायचे, अर्धे मिळायचे, की धारकाने ती निमूटपणे खिशात घालून घरी परतायचे, हे ठरते. कागदाचे द्रव्य तेच राहिले तरी रुपये तेच राहतील असे नाही, हा अर्थशास्त्राचा सिद्धांत रसायनशास्त्राच्या पुस्तकात यायला हवा होता.

या वर्गातील सर्वांत कपटी वस्तू म्हणजे कापूर, कारण त्याला दोन्ही मार्ग अवगत आहेत. आरतीच्या तबकात पेटवलेला कापूर हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो, थोडी काजळी मागे ठेवतो आणि वाफ व कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो; हा रासायनिक बदल घंटेच्या गजरात, चारचौघांच्या साक्षीने घडतो आणि त्याविषयी कोणाची काही फिर्याद नसते. परंतु देवघरातल्या डबीत उरलेला कापूर कोणालाही वर्दी न देता, द्रवरूपाची मधली पायरी ओलांडून, घनाचा थेट वायू होतो. याला शास्त्रात संप्लवन म्हणतात, आणि हा बदल शंभर टक्के भौतिक असतो. गणपतीत आणलेली पुडी दिवाळीत उघडावी तो आत नुसता कागद. मग चौकशी सुरू होते, जबान्या घेतल्या जातात, आणि साखरेच्या डब्याच्या संदर्भात ज्याचा पूर्वेतिहास फारसा चांगला नाही अशा घरातील धाकट्या इसमावर संशयाची सुई येऊन ठरते. मुद्देमाल मात्र त्याच वेळी सुगंधरूपाने साऱ्या खोलीभर हजर असतो. डबीत चार मिरे टाकण्याची जुनी चाल आहे. कापराला थोपवून धरण्याचे काम वास्तविक घट्ट झाकण करते. श्रेय मिरे घेतात.

याउलट, ज्याला व्याख्येने हंगामी ठरवले त्याने शतकानुशतके खुर्ची न सोडल्याचे उदाहरण पाहायचे असेल, तर पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद पाहावेत. दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात घोटून केलेली ती शाई बोरूने कागदावर उतरे आणि केवळ वाळे. पाणी उडून गेले, काजळी राहिली: भौतिक बदल, याहून काही नाही. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनाला उजेड वा हवा सहसा काही करू शकत नाही, त्यामुळे ज्यांच्या वसुलाचे तगादे त्या कागदांवर लिहिले ते गाव बदलले, राज्य गेले, शिक्के गेले, पण तगाद्याची शाई काळीभोर आहे. पुढे इंग्रजी अमदानीत आलेली निळी-काळी शाई खऱ्या अर्थाने रासायनिक. तिच्यातील लोहक्षार हवा लागताच ऑक्सिडीकरण पावून काळा पडे, म्हणून सकाळी निळ्या अक्षरांत लिहिलेला शेरा यथावकाश काळा होई. परंतु तिच्यातील आम्ल सावकाशीने कागदालाच पोखरू लागे. कायमचा म्हणून केलेला बदल कागदासकट नाहीसा व्हावा आणि तात्पुरता बदल दप्तरदारालाही पुरून उरावा, हा सृष्टीचा विनोद तिच्या स्वभावाला धरूनच आहे.

आता खटल्याची दुसरी बाजू. नवा पदार्थ निर्विवाद निर्माण झाला आहे, आणि तरी जुना हवा तेव्हा परत हजर होतो, असे बदल शोधण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. लग्नाच्या पंगतीत पांढऱ्या सदऱ्याने बसणे पुरेसे आहे. आमटीचा एक थेंब वाढप्याच्या डावातून निघतो तो नेमका छातीवर उतरतो. घरी येऊन गृहस्थ मोठ्या तत्परतेने त्या पिवळ्या डागावर साबण घासतो, आणि त्याच्या डोळ्यांदेखत डाग लालभडक होतो. येथे अनभिज्ञ पुरुषांची गाळण उडते. आमटीचे गेले, पण रक्ताचे कसे आले, याचा उलगडा त्यांना होत नाही. वस्तुतः हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य आम्लाच्या संगतीत पिवळे राहते आणि क्षाराच्या संगतीत तांबडे होते, साबण क्षारधर्मी असतो, आणि रंग पालटतो तेव्हा कर्क्युमिनच्या रेणूची घडणच पालटलेली असते. बदल रासायनिक, याबद्दल दुमत नाही. परंतु त्याच डागावर लिंबाची फोड पिळा, की तो मुकाट्याने पुन्हा पिवळा. पुन्हा साबण लावा, पुन्हा लाल. ज्याला वेळ आहे त्याने ही ये-जा संध्याकाळपर्यंत चालू ठेवावी. पंढरपूरच्या बाजारात जे कुंकू ढिगांनी विकले जाते, ते तरी दुसरे काय आहे? हळदीवर चुन्याचा किंवा टाकणखाराचा संस्कार करून आणलेल्या या तांबडेपणालाच समाजाने कपाळावर मानाची जागा दिली. सदऱ्यावर आला की तोच डाग. अखेर हा डाग खरोखर जातो तो उन्हाने, कारण सूर्यप्रकाशात कर्क्युमिनचे विघटन होते आणि ते विघटन मात्र परतीचे नसते. मूळ पदार्थ परत मिळणार नाही, या वार्तेने घरात आनंद व्हावा असा हा बहुधा एकमेव प्रसंग होय.

चुन्याचे चरित्र याहूनही उद्बोधक आहे. चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे 900 अंशांपर्यंत तापवला, की त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. चुनकळीवर पाणी ओतले, की ती रागारागाने फुसफुसते, तडकते, वाफा सोडते, आणि तिचा विरलेला चुना होतो. तो चुना रंगाऱ्याच्या कुंचल्याने भिंतीवर चढतो, आणि तेथे बसल्या बसल्या हवेतून तोच कार्बन डायऑक्साइड थोडा थोडा परत घेऊन पुन्हा जो होता तोच, म्हणजे दगड, होतो. डोंगरातून निघालेला दगड भट्टी, हौद आणि बादली अशी तीर्थयात्रा करून आमच्या माजघराच्या भिंतीवर पुन्हा दगड होऊन बसला. तीन रासायनिक बदल झाले, आणि चौकशीअंती मूळ पदार्थ जागेवर हजर. सिंधुदुर्गाच्या बांधणीला 1664 मध्ये प्रारंभ झाला तेव्हा त्याच्या पायात शिसे ओतले, असे सांगतात. शिसे 327 अंशांना वितळले आणि पुन्हा गोठले, हा विशुद्ध भौतिक बदल. चुन्याने हवेतून आपले देणे वसूल केले आणि तो दगड झाला, हा रासायनिक. तटबंदीवर आपटणाऱ्या अरबी समुद्राने या दोन सांध्यांपैकी कोणता कोणत्या रकान्यात मोडतो, याची विचारपूस केल्याचे ऐकिवात नाही.

कल्हईवाला अलीकडे दुर्मीळ झाला. परंतु वाड्याच्या अंगणात खड्डा करून, भाता जमवून, कोळसे फुलवत बसलेला तो इसम ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी रसायनशास्त्राचे एक उत्तम प्रात्यक्षिक फुकटात पाहिले आहे. काळवंडलेले पितळी पातेले तो सांडशीत धरून विस्तवावर फिरवी. ते पुरेसे तापले, की नवसागराची चिमूट आत टाकी, त्यासरशी पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि कडेला उभी असलेली पोरे खोकत मागे सरत. मग कथलाची कांडी तापल्या तळाला नुसती टेकवायची, की 232 अंशांना वितळणारे ते कथील ओघळू लागे, आणि कापसाच्या बोळ्याने त्याने चार हात सफाईने फिरवले, की पातेल्याच्या पोटात आपला चेहरा दिसू लागे. अखेर पातेले पाण्याच्या बादलीत, ‘चर्र’ असा आवाज, आणि मजुरीवरून घासाघीस. यात कथील वितळले आणि गोठले तेवढा भाग भौतिक. परंतु त्या धुराचे प्रकरण निराळे आहे. नवसागर तापला, की त्याची फारकत होऊन अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू मोकळे होतात. त्यातला काही भाग धातूवरचा मळ खाऊन टाकतो, तीच त्याची कामगिरी. उरलेले दोघे वर थंड हवेत पोहोचतात न पोहोचतात तोच पुन्हा एकत्र येतात आणि नवसागर होतात. पोरांना खोकवणारा तो पांढरा धूर म्हणजे फारकतीनंतर क्षणार्धात झालेला समेट होय. आणि हा सारा खटाटोप कशासाठी? आंबट वरणाचा पितळेतील तांब्याशी संबंध येऊन ते कळकू नये, म्हणजे एक रासायनिक बदल टळावा, यासाठी.

या सर्व व्यवहाराचा जमाखर्च ज्याने प्रथम चोख मांडला, तो फ्रान्सचा अंत्वान लव्हाझिए पोटासाठी महसुलाचा इजारदार होता, ही गोष्ट मला फार सूचक वाटते. राजाला ठरीव रक्कम भरायची आणि रयतेकडून मीठ, तंबाखू वगैरेंवरचा कर आपण वसूल करायचा, अशा मक्तेदारांच्या मंडळीत 1768 साली त्याने भागी घेतली होती. वसुलाच्या वह्या तपासणाऱ्या माणसाला आत आलेले आणि बाहेर गेलेले यांचा मेळ बसला नाही तर चैन पडत नाही. लव्हाझिएने तीच सवय काचपात्रांना लावली. गंधक आणि फॉस्फरस जळताना वजनाने घटत नाहीत, उलट वाढतात, ही नोंद त्याने 1772 साली मोहोरबंद पाकिटात विज्ञान अकादमीच्या स्वाधीन केली. (गंजलेले लोखंडही याच न्यायाने मूळ लोखंडापेक्षा जड भरते, म्हणूनच भंगारवाला वजन करण्यापूर्वी आमचे खिळे खळखळून झटकतो.) पुढे त्याने पारा हवाबंद पात्रात बारा दिवस तापवला, तेव्हा पाऱ्यावर लाल भुकटी धरली आणि हवेचा काही हिस्सा गायब झाला, तीच भुकटी त्याने अधिक आचेवर तापवली, तेव्हा पारा परत आला आणि गायब झालेला वायूही, बिनव्याजी, परत आला. आधुनिक रसायनशास्त्राची इमारत ज्या प्रयोगांवर उभी आहे त्यांतल्या या अग्रगण्य प्रयोगात, कायमचा म्हणून ठरवलेला बदल चक्क माघारी आला होता! राज्यक्रांतीत मात्र इजारदारी अंगाशी आली, आणि 8 मे 1794 रोजी गिलोटिनखाली त्याचे शिर धडावेगळे झाले. द्रव्य तेच, वजन तेच, केवळ तुकडे दोन. घोकलेल्या व्याख्येप्रमाणे हा निव्वळ भौतिक बदल होता.

आपल्या स्वयंपाकघरात तर हे दोन्ही वर्ग एकाच चुलीवर इतक्या गुण्यागोविंदाने नांदतात, की कोणता केव्हा संपतो आणि कोणता केव्हा सुरू होतो हे कळण्यास कान लागतात. दुधाला विरजण लावले, की त्यातील जिवाणू दुग्धशर्करेचे लॅक्टिक आम्ल करतात, आम्लतेची पातळी 4.6 पीएचच्या आसपास पोहोचली की केसिन गोठते, आणि सकाळी दही लागलेले असते: रासायनिक. दही घुसळून लोणी वर आले आणि ताक खाली राहिले: भौतिक, येथे कोणी जन्माला आले नाही, केवळ वाटणी झाली. परंतु त्या लोण्याचे तूप कढवू लागलो, की प्रकरण गुंतागुंतीचे होते. आधी लोणी वितळते, तो भौतिक. मग त्यातील पाण्याची वाफ होऊ लागते आणि पातेले तडतडू लागते, तोही भौतिक. पाणी संपत आले, की तडतड मंदावते, फेस बारीक होतो, आणि तळाशी बसलेल्या दुधाच्या अंशातील प्रथिने व शर्करा यांची ती गाठ पडते, जिचे वर्णन मायार नावाच्या फ्रेंच संशोधकाने 1912 साली केले आणि जिच्यापासून तो खमंग वास व तो तपकिरी रंग उत्पन्न होतो. हा रासायनिक, आणि हा नेमका हवा तेवढाच हवा. घरातली जाणती बाई या वेळी दुसऱ्या खोलीत शेंगा निवडत बसलेली असते, तिने पातेल्याकडे पाहिलेलेही नसते. पण तडतड थांबली, की ती हातातले सूप खाली ठेवते, ‘‘उतरव गं आता,’’ असे तेथूनच सांगते, आणि त्या हुकमात एका मिनिटाची हयगय झाली, तर मायारसाहेबांचे कार्य प्रमाणाबाहेर जाऊन तूप करपते. तळाची बेरी पोरांनी साखर घालून फस्त करायची. पुढे थंडीच्या दिवसांत तेच तूप वाटीत रवाळ होऊन बसते आणि गरम भातावर पुन्हा विरघळते, हा पुन्हा भौतिक. आणि या एकाच भौतिक बदलाविषयी आजवर कोणीही गाऱ्हाणे केलेले नाही.

मग सरहद्द तरी नेमकी कोठे आहे? शास्त्राचे उत्तर असे, की अणूंमधले बंध तुटले आणि नवे जुळले, म्हणजे रासायनिक. रेणू आहेत तसेच राहून केवळ जवळ-लांब झाले, म्हणजे भौतिक. उत्तर बावनकशी आहे. पण सरहद्दीवरची गावे कोणाच्या अमलात, हा तंटा त्यानेही पुरता मिटत नाही. मीठ पाण्यात विरघळले, तर पुस्तक त्याला बिनदिक्कत भौतिक म्हणते, कारण उरण-पेणच्या मिठागरांत ऊन समुद्राचे पाणी उडवून देते आणि मीठ फावड्याने परत ओढून घेता येते. परंतु विरघळताना सोडियम आणि क्लोरिन यांचे विद्युत्भारित कण एकमेकांचा हात सोडून पाण्यात स्वतंत्र संसार करू लागतात, त्याची वासलात काय लावायची? उकडलेले अंडे हा तर अपरिवर्तनीय बदलाचा जगन्मान्य दाखला. तरी 2015 साली कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग युरियात विरघळवला, वेगाने फिरणाऱ्या नळीत त्याला गरगर फिरवले, आणि त्यातील एका प्रथिनाच्या विस्कटलेल्या साखळ्या पुन्हा पूर्ववत घडीत आणल्या. या पराक्रमाबद्दल त्यांना त्याच वर्षी रसायनशास्त्राचे इग नोबेल मिळाले, जे लोकांना आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी असते. अंडे खाण्यायोग्य राहिले नाही, हा भाग अलाहिदा. मूळ पदार्थ परत मिळाला, एवढे मान्य करावे लागते.

तेव्हा शास्त्राच्या दोन रकान्यांना धक्का न लावता, तिसरा एक रकाना उघडण्याची परवानगी मी मागतो, आणि त्याला ‘घरगुती बदल’ असे नाव सुचवतो. शास्त्रज्ञ विचारतो, नवे काही झाले का. घर विचारते, भरून कोण देणार. बरणी फुटली, भौतिक असेल, पण नवी मास्तरांनी आणली. सदरा लाल झाला, रासायनिक असेल, पण दुपारच्या उन्हाने फुकटात निस्तरला. कापूर उडाला, द्रव्य अबाधित असेल, पण पुडीचे पैसे किराणावाल्याच्या वहीत चढलेच. या रकान्यात नोंद करताना अणू, रेणू, बंध वगैरे कशाचीही जरूर पडत नाही. वस्तू परत येणार की नाही, आणि येणार असल्यास कोणाच्या खर्चाने, एवढी दोन कलमे भरली की दाखला पुरा होतो.

या रकान्यातली सर्वांत अवघड नोंद चहाची आहे. आधणात पावडर उकळली, दूध पडले, पाहुणा यायला उशीर झाला आणि चहा निवला. निवणे म्हणजे केवळ उष्णता जाणे, हा भौतिक बदल. म्हणून तो पुन्हा विस्तवावर ठेवला की मूळ पदार्थ परत मिळाला, असा युक्तिवाद काटकसरी यजमान मनातल्या मनात करतो. पण मधल्या काळात त्यातला सुवास हवेत निघून गेलेला असतो, चहातील कषाय द्रव्यांचे हवेशी संधान जुळलेले असते, रंग काळपट पडलेला असतो, सायीचा पापुद्रा धरलेला असतो. तो पापुद्रा चमच्याने बाजूला सारून आणि वर वेलदोड्याची पूड भुरभुरवून यजमान कप पुढे करतो. पाहुणा पहिल्या घोटाला सारे ओळखतो, ‘‘वा!’’ म्हणतो, कप संपवतो, आणि पुढच्या खेपेपासून घरून चहा घेऊन निघतो. हा बदल मात्र कायमचा असतो.